टाळू भरली का

गोठलेलं होतं अजून. चालता चालता पर्समध्ये हात घालून आम्रपालीनं बाटली मुठीत धरली – होमिओपॅथीच्या गोळ्या मिळतात तसली इवलीशी काचेची बाटली, आत थंडीनं थिजून पांढरंफेक झालेलं खोबरेल – आणि तिला वाटलं, दवाखाना येईपर्यंत हे आपल्या मुठीत पातळ झालं तर... तर काय? काही नाही. उगाच. सकाळपासून असंच चाललं होतं तिचं. दूधवाल्याची सायकल डावीकडे वळली तर, समोरच्या गॅलरीतल्या बाईनं टॉवेल दोनदा झटकला तर. जिनं आयुष्यात कधी कशावर पैज लावली नाही ती बाई सदाशिव पेठेतल्या गल्लीतून, पोटावरचे टाके सांभाळत, स्वतःशीच पैजा लावत आणि स्वतःच जिंकत चालली होती.

कारण ती आनंदात होती. हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. जिचं मूल जवळजवळ तीन महिने आधी जन्मून श्वासाच्या यंत्रावर पडलं आहे तिनं काळजीत असावं, तिचे डोळे सुजलेले असावेत, निदान केस तरी विस्कटलेले असावेत – आणि ही आज जाग आल्या आल्या, दवाखान्याजवळ भाड्यानं घेतलेल्या त्या एका खोलीत, सासूबाई गॅसवर चहाचं आधण ठेवत होत्या तेवढ्यात, अंथरुणातच हसली होती. आईंनी पाहिलं, पण विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं मी? की काल संध्याकाळी त्याचं औषध बंद केलंय, म्हणून?

तर गोष्ट एवढीच होती. त्याच्या तोंडातून एक नळी श्वासनलिकेत गेलेली. तिच्यातून यंत्र हवा भरायचं. त्या नळीत कफ साठतो. तो साठू देऊन चालत नाही, म्हणून अधूनमधून तिच्यातून आणखी एक बारीक नळी आत सरकवून तो ओढून घ्यायचा. आणि नेमकं तेव्हाच, बाळ कासावीस झालं की, त्याच्या मेंदूकडे जाणारं रक्त एकदम उसळतं. डॉक्टर आगट्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, आपल्या त्या कोरड्या, उपकार केल्यासारख्या आवाजात – "पेठेत नळाला पाणी येतं तेव्हा पाइप कसा थडथडतो, ऐकलंय? जुना असेल तर सांध्यात फुटतो. याचे पाइप जुने नाहीत, फार नवे आहेत. एवढाच फरक." म्हणून गुंगीचं औषध, थेंबथेंब, सतत. औषधानं तो निपचित पडे, उसळी येत नसे. पण त्याच औषधानं रक्तदाब उतरे, मेंदूकडचा प्रवाह बारीक होई, आणि आपण होऊन श्वास घ्यायचं तर तो विसरूनच जाई. काल आगट्यांनी औषध थांबवलं. आज दुपारी कफ काढताना ते स्वतः त्याच्या टाळूवर यंत्र ठेवून आतलं रक्त बघणार होते. प्रवाह सावरला तर औषध बंद राहणार. मग तो जागा राहील, श्वास घ्यायला शिकेल, आणि कधी ना कधी ती नळी निघेल. नाही सावरला, तर दुपारीच औषध पुन्हा सुरू.

अजून काहीच ठरलं नव्हतं, आणि मी आधीच खूश होऊन बसले होते.

हे तिच्या धंद्याला शोभणारं नव्हतं. औंधच्या त्या काचेच्या इमारतीत ती दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्रॅम तपासायची; खोड काढण्याचाच पगार मिळायचा तिला. नवीन पोरं तिच्या टेबलाकडे येताना जरा दबकत यायची – मॅडम, एकदा तरी सरळ पास म्हणा ना. ती म्हणायची नाही. पहिल्या फटक्यात जे चालतं त्यात काहीतरी दडलेलं असतं, हा तिचा अनुभव; आणि अमेरिकेतलं गिऱ्हाईक खूश झालं की ती आणखीच अस्वस्थ व्हायची. गरोदरपणातही तसंच. सगळं उत्तम आहे, सगळं उत्तम आहे, असं प्रत्येक तपासणीला ऐकून ती घरी येऊन नवऱ्याला, धम्मदीपला म्हणायची, इतकं उत्तम कसं काय? तो हसायचा. मग तो प्रोजेक्टसाठी न्यू जर्सीला गेला आणि तो गेल्यावर, मीटिंग चालू असताना, समोर कुणीतरी भिंतीवर आलेख दाखवत असताना... नको. ते आज नको. तो शनिवारी येतोय. फोनवर तो नुसते आकडे विचारतो, ऑक्सिजन किती, वजन किती, आणि ती सांगते, आणि मग दोघंही महागड्या लाइनीवर नुसता एकमेकांचा श्वास ऐकत राहतात. म्हणजे श्वास ऐकण्यात आम्ही आधीपासूनच पटाईत.

आणि त्यात ही बाटली.

बाटलीचं मूळ तिच्याच एका वाक्यात होतं. बाळाजवळ फक्त आईला सोडतात, तेव्हा सासूबाई, चंद्रभागाबाई – वाघोलीच्या, ज्यांच्या घरामागच्या ज्वारीच्या रानात आता एक इंजिनिअरिंग कॉलेज उभं होतं – बाहेरच्या बाकावर बसून राहायच्या, आणि आम्रपाली आतून आली की पहिला प्रश्न वजनाचा नाही, श्वासाचा नाही, "टाळू कोन भरतंय त्याची?" तान्ह्या पोराच्या टाळूवर रोज तेल जिरवलं पाहिजे, नाहीतर ती वाढणार कशी, याबद्दल त्यांच्या मनात इतकी खात्री होती की बाकीचं सगळं, यंत्रं, नळ्या, निळे दिवे, हे त्यांना वरकड वाटायचं. आणि एका दुपारी आम्रपाली इतकी थकलेली होती की बोलून गेली – डॉक्टर लावतात ना रोज टाळूवर. तिला म्हणायचं होतं ते यंत्राखाली लावायचं जेल. पण झालं. संध्याकाळपर्यंत वाघोलीत फोन गेला होता की तिथला मोठा डाक्टर सोता पोराची टाळू भरतोय, आणि आळीतल्या बायकांनी त्या डॉक्टरला आशीर्वाद देऊन टाकला होता.

मग समजावणं आलं. तिनं पाकिटाच्या मागच्या बाजूला डोक्याचं चित्र काढलं, मधली मऊ जागा दाखवली, हाड अजून जुळलेलं नाही म्हणून तिथून आत बघता येतं, आई, ती खिडकी आहे, ते टाळू भरणं नव्हे. आईंनी सगळं नीट ऐकलं, व्हय व्हय केलं, आणि विचारलं, "पर लावत्यात ना?" लावतात. "कसल्या रंगाचं?" रंग नाही, पाण्यासारखं. यावर आईंचा चेहरा पडला. पाणी घालून वाढवलं असणार, शहरातलं तेल ते. तेव्हापासून त्या घाण्यावरचं खोबरेल आणून, त्यात काय काय कढवून ते त्यांनाच ठाऊक, रोज बाटली भरून देत होत्या – डॉक्टरला द्यायला. रोज ती पर्समध्ये जायची आणि रोज तशीच परत यायची. काल आम्रपाली चिडून म्हणाली, आई, तुम्ही तर देवदेव सोडलेल्या माणसाच्या लेक, छप्पन साली त्यांच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमी बघितलेल्या, आणि हे काय धरून बसलात? आई लसूण सोलत होत्या. वर न बघता म्हणाल्या,

"देव सोडलं आमी. त्याल न्हाई सोडलं."

आठवून तिला आता, रस्त्यात, एकटीलाच हसू आलं. समोरून येणाऱ्या क्लासच्या मुलींनी वळून पाहिलं. मुठीतल्या बाटलीत काचेला लागून एक अरुंद पारदर्शक रेघ सुटली होती. बाकी गोळा तसाच. अर्धी पैज जिंकली म्हणायची की हरली?

दवाखान्याच्या बाकावर आई आधीच येऊन बसल्या होत्या. मंडईतून अळीव आणि शेपू घेऊन, रिक्षा न करता, तिच्या आधी. शेजारी हेमाकाकू – त्यांच्या लेकीची जुळी आत आहेत – आज अखेर विचारत होत्या की तुमचं आडनाव काय म्हणालात. ओव्हाळ, आईंनी सांगितलं, आणि एक क्षणभर जी शांतता पडते ती पडली, आणि मग हेमाकाकूंनी डबा उघडून त्यांच्यापुढे लाडू धरला आणि आईंनी तो, थोडा वेळ घेऊन, उचलला. बाकावर बसून बसून सगळ्यांचंच काहीतरी झिजत होतं. आम्रपाली कोपरापर्यंत हात धुवायला आत गेली.

आणि हात धुताना आनंद जरा घाबरला. पाणी गार होतं. साबण, नखं, बोटांच्या बेचक्या, मनगट... सवयीनं हात फिरत होते आणि डोक्यात तपासनीस जागी झाली होती: रात्री काही झालं असेल तर? रात्रीच औषध परत लावलं असेल, आणि तुला सांगायचं राहिलं असेल? तू पैजा लावत येत होतीस तेव्हा...

चंपा सिस्टरनं दारातच गाठलं. सावळी, ठेंगणी, सदा घाईत. म्हणाली, रात्रभर जागा होता तुमचा मुलगा, आम्हाला नाचवलं त्यानं, दोनदा नळीला हात घातला, हातमोजे घालावे लागले शेवटी. तक्रारच करत होती ती. आणि आम्रपाली ती तक्रार उभ्या उभ्या प्यायली. दुसऱ्याच्या पोराचं कौतुक ऐकायला लोक बळंच हसतात, पण आपल्या पोराची चहाडी ऐकण्यात काय सुख आहे हे तिला आज कळलं. हातमोजे! कापसाच्या पट्टीचे, अंगठ्यावर बसतील एवढे.

तो खरंच वेगळा दिसत होता. इतके दिवस तो त्या काचेच्या उबेच्या पेटीत नुसता ठेवल्यासारखा असायचा, जसा ठेवला तसा. छाती हलायची ती यंत्राच्या तालावर, त्याची स्वतःची नव्हेच ती. आज त्याच्या कपाळावर आडव्या आठ्या होत्या. डावा पाय हळूच लांब झाला, आखडला. पापण्यांत एक फट पडली, आतून काळंभोर काहीतरी एकदा चमकलं आणि प्रकाश नको म्हणून बंद झालं. या आठ्या मी कुठं पाहिल्यात? पाकिटावर चित्र काढत होते तेव्हा. पाण्यासारखं, म्हटलं तेव्हा, आईंच्या कपाळावर. ती काचेवर कपाळ टेकून हसत राहिली आणि पलीकडच्या पेटीजवळची बाई बघते आहे हे लक्षात येऊन तिनं तोंड फिरवलं. त्या बाईचं बाळ काल... कुणाचं काय चाललंय हे इथे विचारत नाहीत. पण आनंद लपवावा लागतो, चोरून खाल्लेल्या गोष्टीसारखा ओठ पुसून.

आगटे आले ते दुपारी, नेहमीसारखे कुणाकडे न बघता. श्यामसुंदर आगटे हे नाव कुणी ठेवलं असेल या माणसाचं, हा तिचा रोजचा प्रश्न. श्याम नाही, सुंदर नाही, आणि बोलण्यात तर बासरी औषधालाही नाही. यंत्राची गाडी सिस्टरनं जवळ ओढली. त्यांनी जेल बोटावर घेतलं, आणि लावलं नाही. मूठ मिटून उभे राहिले. कशाची वाट बघताहेत? मग तिच्या लक्षात आलं – गार आहे ते. गार लागलं की दचकेल, म्हणून ते मुठीत कोमट करताहेत. रोजच करत असतील. रोज मी पडद्याकडे बघत होते.

"हात धुतलेत ना?" ते म्हणाले. "मग प्रेक्षक कशाला होता? एक हात डोक्यामागे, एक पावलांवर. पाय दुमडून धरा, पोटात होता तसा. दाबू नका आणि सोडूही नका."

आजवर तिनं एका बोटानं त्याला स्पर्श केला होता, तोही विचारून. आता पेटीच्या दोन गोल खिडक्यांतून तिचे दोन्ही हात आत गेले आणि डावा तळवा त्याच्या डोक्यामागे बसला – पूर्ण डोकं, एका तळव्यात, तरी थोडा तळवा उरला – आणि उजव्यात दोन पावलं आली, ऊनऊन, निसटायला बघणारी. आगट्यांनी टाळूवर ते यंत्र टेकवलं. पडद्यावर लाटा चालू लागल्या आणि गाडीतून तो आवाज आला, सूप-सूप-सूप, धान्य पाखडल्यासारखा घाईघाईचा आवाज. मेंदूतलं रक्त. तिला ते म्हणायचे, शिखरं बघू नका, ती कुणालाही दिसतात, शेपटी बघा; दोन ठोक्यांच्या मधे लाट किती जाड राहते ते. औषध चालू होतं तेव्हा ती शेपटी रेघेला चिकटलेली असायची. आज ती जाड होती. पण आज नळी अजून आत जायची होती.

सिस्टरनं श्वासाच्या यंत्राचा सांधा सोडला, बारीक नळी आत सरकवली.

तिच्या तळव्यांत तो ताठ झाला. सगळा. एवढ्याशा देहात इतका जोर कुठून येतो – पावलांनी तिच्या हाताला रेटा दिला, डोकं मागे सरलं, आणि पडद्यावर लाट उसळली, एक, आणखी एक, उंचच उंच, आणि शेपटी नाहीशी झाली, आणि मॉनिटर ओरडू लागला. तिनं पडद्याकडे बघणं सोडलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. चेहरा चुरगळला होता, तोंड नळीभोवती चौकोनी उघडलं होतं, हनुवटी थरथरत होती – तो रडत होता. आवाज नव्हता, नळीमुळे आवाज निघत नाही. पण तो संतापून, जीव तोडून, एक शब्दही न सुटता रडत होता. आणि मला आनंद झाला. लाज वाटायला हवी होती. त्याला दुखत होतं, इतके दिवस औषधानं ते दुखणं पुसून टाकलं होतं आणि आज कुणी पुसलं नव्हतं, आणि मी त्याची आई, त्याला धरून उभी, आणि माझ्या छातीत दूध दाटून आलं आणि मनात एकच, राग आलाय याला! हा आहे. इथे आहे. हा कुणीतरी आहे आणि त्याला हे मुळीच पसंत नाही... रड बाबा, तुझं बरोबर आहे, मी सोडत नाही, तू रड.

नळी बाहेर आली. सांधा जोडला. सूप... सूप... आवाज आधी विखुरला, मग सापडला. तिला पडद्याकडे बघायचं धाडस होईना, म्हणून ती आगट्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, जिथे काहीही दिसत नाही हे सगळ्या दवाखान्याला माहीत होतं. पावलांतला रेटा हळूहळू उतरला. एक पाऊल तिच्या तळव्यात तसंच टेकून राहिलं, आता ढकलत नव्हतं, नुसतं होतं. मग तिनं पाहिलं. शिखरं खाली आली होती आणि त्यांच्यामागे शेपटी, आधी दोऱ्याएवढी, मग सुतळीएवढी, मग पहिल्यासारखी. आगट्यांनी यंत्र उचललं नाही. बराच वेळ उचललं नाही.

"वाईट नाही," ते म्हणाले.

चंपा सिस्टरनं चमकून त्यांच्याकडे पाहिलं, यावरून आम्रपालीला कळलं की हे शब्द इथे रोज ऐकू येत नाहीत. औषध बंदच ठेवू, ते पुढे म्हणाले, उद्या परत बघू. उद्या वाईटही असेल, तेव्हा लगेच पेढे वाटत सुटू नका. आणि कापसानं त्याच्या टाळूवरचं जेल पुसू लागले, इतक्या हलक्या हातानं की तिला तिथून नजर काढवेना.

तेव्हाच का, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. ते हात धुवायला वळले तशी ती मागोमाग गेली आणि कोपऱ्यातल्या खुंटीवरची पर्स उघडून बाटली त्यांच्यापुढे धरली. सासूबाईंनी दिलंय. त्यांना वाटतं तुम्ही रोज त्याची टाळू भरता. मी खूप समजावलं, पण... तुमचं तेल फार पाणचट आहे म्हणतात.

आगट्यांनी बाटली हातात घेतली, उजेडाकडे धरली. खोबरेल केव्हाच वितळलं होतं, पर्समध्येच, आतल्या उबेनं, पिवळसर, नितळ. एवढ्या मोठ्या माणसासमोर आपण काय करून बसलो, असं होऊन ती जमिनीकडे बघू लागली.

"इथे तेल चालत नाही. जंतू होतात," ते म्हणाले, आणि बाटली परत दिली. "त्यांना म्हणावं, डॉक्टरचा माल हलका आहे, सध्या चालवून घ्या. हे घरी गेल्यावर."

आणि नळ सोडून हात धुऊ लागले.

घरी. इतक्या दिवसांत या माणसाच्या तोंडून तो शब्द आला नव्हता. कदाचित सहज आला असेल. बोलण्याच्या ओघात माणूस काहीही बोलतो, त्यावर विसंबायचं नसतं, तपासायचं असतं, उद्या परत नळी आहे, परवा आहे, रात्र आहे... ती मनात एकेक शंका काढत बाहेर आली, आणि प्रत्येक शंका खरी होती, आणि एकीचाही तिच्यावर काही परिणाम होत नव्हता. हे असं तिच्या बाबतीत पूर्वी कधी झालं नव्हतं.

बाकावर हेमाकाकू डुलक्या घेत होत्या. आई सरसावून बसल्या.

"भरली का टाळू डाक्टरनं?"

आई, ती टाळू भरणं नव्हे, ती खिडकी... वाक्य रोजच्यासारखं तयार होतं, जिभेवर येऊन उभं होतं. तिला मिटलेली मूठ दिसली, आतलं जेल कोमट होईपर्यंत थांबलेली.

"भरली," ती म्हणाली.

"रडला?"

"रडला. आवाज नव्हता, पण खूप रडला. मी धरलं होतं त्याला."

आईंनी मान हलवली. पोर रडायचंच तेव्हा, त्याला काय होतंय. मग त्यांची नजर बाटलीकडे गेली. परत आणलीस? डॉक्टर म्हणाले घरी गेल्यावर, आम्रपालीनं सांगितलं, आणि घरी म्हणताना तिचा आवाज चिरकला. आईंनी तो शब्द ऐकला. पदरानं एकदा नाक पुसलं, बाटलीचं बूच काढलं, आणि तिला म्हणाल्या, बस खाली. वितळलंय ते, वाया का घालवायचं? बाळंतिणीची बी भरायची असती.

इथे? दवाखान्यात, बाकापाशी, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर? उद्या-परवा ऑफिसातलं कुणी भेटायला येणार होतं, केस कालच धुतले होते. हे सगळं म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि ती आईंच्या पायांशी फरशीवर बसली. आईंनी तिच्या भांगात बोटानं जागा केली. तेल पडलं. गार नव्हतं. आईंचा तळवा थोपटू लागला, जिरवू लागला, एका लयीत, आणि तिथलं हाड कधीचं जुळून कठीण झालेलं, आतलं काही कुणाला दिसण्यासारखं नाही, तरी डोळे मिटल्यावर तिला ऐकू येत होतं, कानांच्या मागे, सूप-सूप, सूप-सूप, तिचं स्वतःचं, सावकाश. उद्या दुपारी परत नळी आत जाणार होती. हेमाकाकू जाग्या होऊन बघत होत्या. एक थेंब कपाळावरून ओघळून भुवईपाशी आला आणि तो पुसावा असं काही तिला वाटलं नाही.